एका नॉटसाठी किती घोडे? अटलांटिकच्या शर्यतीवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या सदरात ब्रिटनची ‘क्वीन मेरी’ आणि फ्रान्सची ‘नॉर्मंडी’ या दोन बोटींवर अर्ध्या पानाचं टिपण दिलं होतं, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपातून न्यूयॉर्कला सगळ्यात वेगात कोण जातं यावरून जी चुरस लागली होती त्याबद्दल. त्यावर इतके मेल आणि मेसेज आले की म्हटलं या वेळी अख्खं सदर यालाच देऊन टाकू. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबलीयेत, सांभाळून घ्या.

प्रश्न: ब्लू रिबँड म्हणजे नक्की काय असतं, कप असतो का मेडल? कोण द्यायचं? आणि मॉरेटेनियाने १९०९ मध्ये ४ दिवस १० तासात अटलांटिक पार केला असं वाचलं, मग १९२९ मध्ये ब्रेमेनला ४ दिवस १७ तास लागले तरी रेकॉर्ड ब्रेमेननेच मोडलं असं का म्हणतात? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: ब्लू रिबँड म्हणजे अटलांटिक सगळ्यात वेगात पार करणाऱ्या प्रवासी बोटीचा मान. तुमचा शेवटचा प्रश्न एकदम नेमका आहे, त्याच्यापासूनच सुरू करतो. रेकॉर्ड वेळेवर नाही तर सरासरी वेगावर ठरायचं, कारण प्रत्येक कंपनीचा रस्ता वेगळा होता. मॉरेटेनियाची (ही ब्रिटनच्या क्यूनार्ड कंपनीची बोट) ती १९०९ ची फेरी आयर्लंडच्या क्वीन्सटाउनजवळून मोजलेली, साधारण २७८४ सागरी मैल, वेळ ४ दिवस १० तास ५१ मिनिटं, म्हणजे सरासरी २६.०६ नॉट. जर्मनीची ब्रेमेन मोजली गेली फ्रान्सच्या शेरबूर बंदरापासून, ३१६४ मैल, वेळ ४ दिवस १७ तास ४२ मिनिटं, सरासरी २७.८३ नॉट. रस्ताच पावणेचारशे-चारशे मैल जास्त, म्हणून सात तास जास्त लागले तरी बोट वेगवान. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, तेव्हा २७.८३ नॉट म्हणजे ताशी साडेएक्कावन्न किलोमीटरच्या आसपास, आणि हे रात्रंदिवस, न थांबता, उघड्या समुद्रात.) पलीकडचं टोक मात्र सगळ्यांचं एकच असायचं, न्यूयॉर्कच्या तोंडाशी नांगरून ठेवलेली अ‍ॅम्ब्रोज नावाची दीपनौका. ती ओलांडली की घड्याळ थांबलं.

आता कोण द्यायचं, तर कुणीच नाही. समिती नाही, पंच नाही, लिखित नियम नाहीत, कंपन्या आणि पेपरवाले मिळून ठरवायचे आणि सगळे मानायचे. खरी फीत अशी काही नव्हतीच, जिंकलेली बोट डोलकाठीवर लांबलचक निळं निशाण लावून बंदरात शिरायची एवढंच. मान युरोपातून अमेरिकेकडे जाण्याच्या फेरीला, कारण त्या दिशेला प्रवाह आणि वारा दोन्ही समोरून येतात. परत येताना गल्फ स्ट्रीमचा प्रवाह आणि पश्चिमेचा वारा पाठीशी असतो त्यामुळे तिकडून इकडे येण्याचे आकडे जवळजवळ नेहमीच थोडे जास्त दिसतात, ते वेगळे नोंदवायचे.

कप आला तो फार उशिरा, १९३५ मध्ये. हॅरोल्ड हेल्स नावाचे ब्रिटिश खासदार होते, हॅनलीचे, त्यांनी स्वतःच्या पैशाने चांदीचा सोनेरी मुलामा दिलेला मोठ्ठा चषक करून घेतला. तो आधी इटलीच्या रेक्सला दिला गेला, मग नॉर्मंडीला, आणि क्वीन मेरी जिंकली तेव्हा क्यूनार्ड कंपनीने तो घ्यायलाच नकार दिला! आम्ही शर्यत खेळत नाही, ही त्यांची अधिकृत भूमिका. यावर पुढे येतोच.

प्रश्न: टायटॅनिक पण रेकॉर्डसाठीच जोरात चालली होती ना? (पाच-सहा वाचकांनी विचारलंय)

उत्तर: नाही. तिची बांधणीच २१ नॉटच्या आसपास चालायची होती, फार ताणलं असतं तर २३-२४. मॉरेटेनिया त्याच्या आधीच २६ च्या वर गेलेली होती, त्यामुळे टायटॅनिकला तो मान मिळणं शक्यच नव्हतं. व्हाइट स्टार कंपनीने ठरवूनच वेग सोडून आकार आणि आराम निवडला होता.

प्रश्न: एवढी वीस वर्षं मॉरेटेनियाचं रेकॉर्ड कुणालाच का मोडता आलं नाही आणि मग युद्ध हरलेल्या जर्मनीलाच कसं जमलं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: मधली चार वर्षं तर युद्धातच गेली, मॉरेटेनियाची बहीण ल्युसिटानिया १९१५ मध्ये पाणबुडीने बुडवली, आणि युद्धानंतर जर्मनीच्या मोठ्या बोटी ब्रिटन-अमेरिकेकडे गेल्या. क्यूनार्डची ‘बेरेंगारिया’ म्हणून जी प्रसिद्ध बोट होती ती मुळात जर्मनांची ‘इंपेरातोर’, आणि व्हाइट स्टारची ‘मॅजेस्टिक’ म्हणजे जर्मनांची ‘बिस्मार्क’. म्हणजे जर्मनीकडे या मार्गावर धड काही उरलंच नव्हतं, आणि माझ्या मते हेच त्यांच्या कामी आलं, कारण जुन्या बोटी सांभाळत बसायचा प्रश्न नव्हता, कोऱ्या पाटीवर डिझाइन करता आलं.

मॉरेटेनिया मूळची कोळशावरची. २५ बॉयलर, १९२ भट्ट्या, आणि त्या भट्ट्यांसमोर शेकडो माणसं फावड्याने कोळसा मारत उभी. शर्यतीची बोट म्हणून आपण कॅप्टनचे फोटो बघतो पण पहिल्या काळातला वेग हा या माणसांच्या पाठीवर होता, ते कुठेच लिहिलं जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. १९२१ मध्ये साउदम्प्टनला तिला आग लागली, दुरुस्तीला घेतली तेव्हा तिला तेलावर आणली, आणि त्यानंतर ती आणखी चांगली पळायला लागली.

नॉर्डडॉइचर लॉइड कंपनीने दोन बोटी बरोबरच बांधायला घेतल्या, ब्रेमेन आणि ऑयरोपा. १९२८ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसाच्या अंतराने दोन्हींचं जलावतरण झालं, बेत असा की दोघींनी मिळूनच अटलांटिक मारायचा. पण १९२९ च्या मार्चमध्ये हॅम्बुर्गच्या यार्डात ऑयरोपाला मोठी आग लागली आणि ती जवळजवळ वर्षभर मागे पडली. मग ब्रेमेन एकटी निघाली, १६ जुलै १९२९, पहिलीच फेरी, आणि पहिल्याच फेरीत रेकॉर्ड! येताना परत दुसऱ्या दिशेचंही.

तिच्यात नवीन काय होतं, तर एक म्हणजे अर्थातच ताकद, मॉरेटेनियाची साधारण ७० हजार हॉर्सपॉवर आणि ब्रेमेनची १ लाख ३० हजारच्या आसपास. दुसरं म्हणजे पाण्याखाली पुढच्या टोकाला काढलेला गोलसर फुगवटा. हा फुगवटा स्वतःची एक लाट तयार करतो आणि ती बोटीच्या नेहमीच्या लाटेच्या उलट पडते, चढाच्या जागी उतार, त्यामुळे दोन्ही एकमेकींना बऱ्यापैकी मारतात आणि बोटीला पाणी कापायला कमी जोर लागतो. आज जवाहरलाल नेहरू बंदरात येणारी कुठलीही मोठी कंटेनर बोट रिकामी असताना बघा, पुढे नाकासारखं काहीतरी पाण्याबाहेर दिसतं ना, तेच ते.

शिवाय ब्रेमेनच्या दोन धुराड्यांच्या मध्ये एक कॅटापल्ट होतं, त्यावर छोटं हाइंकेल विमान. न्यूयॉर्क काही तासांवर आलं की टपालाच्या पिशव्या घेऊन ते बोटीवरूनच उडायचं आणि बोटीच्या आधी पोचायचं. धुराडी मात्र दिसायला छान म्हणून फार बुटकी ठेवली होती, काजळी सगळी डेकवर लोकांच्या अंगावर पडायला लागली, मग ती उंच करावी लागली.

आणि मॉरेटेनिया? त्याच ऑगस्टमध्ये तिला परत पळवली. बावीस वर्षांची बोट, आणि तिने स्वतःचेच जुने आकडे मागे टाकले. ब्रेमेन हाताला लागली नाही पण बावीसाव्या वर्षी तरुणपणीपेक्षा वेगात पळणं ही साधी गोष्ट नाही. इंग्लंडमधल्या टायन नदीवर ज्यांनी ती बांधली त्यांच्या कामाला याहून मोठी पावती दुसरी कुठली असणार?

प्रश्न: मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. २६ नॉटवरून ३० नॉट म्हणजे फार काही नाही असं विद्यार्थ्यांना वाटतं. बोटीला चार नॉट वाढवायला एवढं काय लागतं हे सोप्या शब्दात सांगाल का? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर: हा प्रश्न आला आणि मला मनापासून आनंद झाला कारण सगळ्या शर्यतीचं मर्म इथेच आहे.

ढोबळ हिशोब असा की बोटीला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २८ वरून ३० नॉट, म्हणजे वेग फक्त ७ टक्के वाढला, पण ताकद लागणार साधारण २३ टक्के जास्त. आणि हा झाला भोळा हिशोब, मोठ्या वेगाला त्याहून वाईट होतं, कारण तिथे पाण्याच्या घर्षणापेक्षाही बोट जी लाट तयार करते तिचा त्रास वाढत जातो. बोट चालते तेव्हा तिच्या बरोबरीने तिच्याच वेगाची लाट चालत असते, आणि वेग वाढला की ती लाट लांब होत जाते. ३० नॉटला तिची लांबी येते सुमारे १५० मीटर (मुलांना सूत्र देऊन काढायला सांगा, लाटेची लांबी म्हणजे दोन पाय (π) गुणिले वेगाचा वर्ग भागिले जी (गुरुत्वत्वरण), मस्त उदाहरण होतं). बोट या लाटेच्या मानाने आखूड असेल तर तिचं पुढचं टोक चढावर आणि मागची बाजू खड्ड्यात, म्हणजे भरलेल्या एसटीसारखी ती घाटच चढत राहते आणि घाट काही संपत नाही. म्हणून बोटी लांब होत गेल्या, मॉरेटेनिया २४० मीटर, ब्रेमेन २८६, नॉर्मंडी ३१३. लोकांना वाटतं दिमाखासाठी, दिमाख होताच, पण त्या वेगाला ती लांबी लागतेच.

आणि आकाराचा प्रश्न त्याहून मोठा. इथे मला व्लादिमिर युर्केविच या माणसाबद्दल सांगायलाच पाहिजे. हा रशियन, झारच्या काळात युद्धनौका डिझाइन करायचा, क्रांतीनंतर देश सोडावा लागला, पॅरिसला येऊन मोटारीच्या कारखान्यात काम करत होता. फ्रेंच लाइन ही कंपनी मोठी बोट बांधणार हे कळल्यावर त्याने आपला आराखडा सेंट-नाझेरच्या पेनोए यार्डापुढे ठेवला. पुढे फुगवटा, पाण्याच्या रेषेजवळ अगदी निमुळतं तोंड, मध्ये एकदम रुंद, आणि परत मागे निमुळती, असा त्या काळात कुणी न पाहिलेला आकार. पाण्याच्या टाकीत वेगवेगळ्या आकारांचे मॉडेल ओढून बघितले तर याचा आकार सरस ठरला. तीच नॉर्मंडी.

तिच्या शेजारी क्वीन मेरी ठेवा. दोन्हींची ठरवलेली ताकद १ लाख ६० हजार हॉर्सपॉवरच, दोन्ही ८० हजार टनांच्या आसपास. पण क्वीन मेरीचा आकार जुन्या वळणाचा, फुगवटा नाही, मॉरेटेनियाच्या घराण्यातलाच पण मोठा केलेला. तिने नॉर्मंडीला हरवलं हे खरंच आहे, पण हरवायला तिला नॉर्मंडीपेक्षा बरीच जास्त ताकद ओतावी लागली. माझं मत विचाराल तर आकड्यात क्वीन मेरी जिंकली आणि अक्कल जिंकली ती युर्केविचची. क्वीन मेरीचे चाहते रागावतील, पण मॉडेल टँकचा निकाल आणि इंजिनरूमचा हिशोब दोन्ही माझ्या बाजूला आहेत.

प्रश्न: जागतिक मंदी होती, लोकांना खायला नव्हतं, मग सरकारांनी या चैनीच्या बोटींना पैसे का दिले? (एक वाचक, परभणी)

उत्तर: या प्रश्नाचं उत्तर क्लाइडबँकमध्ये मिळतं. ग्लासगोजवळचं गाव, तिथे जॉन ब्राउन यार्डात क्यूनार्डची नवीन बोट बांधायला घेतली होती, तेव्हा तिला नावही नव्हतं, नुसतं ‘५३४’. डिसेंबर १९३१ मध्ये क्यूनार्डकडचे पैसे संपले आणि एका फटक्यात काम बंद. हजारो कामगार घरी. सव्वादोन वर्षांहून जास्त काळ तो प्रचंड सांगाडा गावाच्या डोक्यावर तसाच गंजत उभा, कुठल्याही गल्लीतून बाहेर पडलं की समोर तोच. आपल्याकडे गिरणगावात चाळीच्या खिडकीतून बंद गिरणीची चिमणी बघत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना मी वेगळं काय सांगू.

तिथले खासदार डेव्हिड कर्कवूड यांनी पार्लमेंटमध्ये हा विषय लावून धरला. शेवटी १९३४ मध्ये सरकारने ९५ लाख पौंडांचं कर्ज मंजूर केलं, ३० लाख ही बोट पुरी करायला, १५ लाख खेळतं भांडवल, ५० लाख पुढे दुसरी बोट बांधायला, आणि अट एकच, क्यूनार्ड आणि व्हाइट स्टारने एकत्र यायचं. एप्रिल १९३४ मध्ये कामगार परत यार्डात शिरले तेव्हा पुढे बॅगपाइप वाजत होते. आधी कितीतरी दिवस नुसता गंज खरवडण्यात गेले. त्याच सप्टेंबरमध्ये राणी मेरीच्या हस्ते जलावतरण. हीच आपली क्वीन मेरी.

तेव्हा चैन हा शब्द मला अर्धाच पटतो. यार्ड, पोलाद, दोरखंड, लाकूडकाम, काचा, गालिचे, या एका बोटीवर देशभरातले कारखाने चालत होते.

दुसरी बाजू धंद्याची. १९२१ आणि १९२४ मध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांवर कोटा लावला, म्हणजे खालच्या वर्गातून लाखोंनी जाणारे गरीब स्थलांतरित, ज्यांच्या तिकिटांवर कंपन्या खरं तर जगत होत्या, तो धंदाच बसला. आता पर्यटक, व्यापारी, सिनेमावाले यांना ओढायचं तर नाव पाहिजे, आणि नाव व्हायचं तर वेग. शिवाय क्यूनार्डला साउदम्प्टन ते न्यूयॉर्क दर आठवड्याला एक सुटणारी बोट द्यायला तीन जुन्या बोटी लागायच्या. बोट अशी पळाली की जाऊन-येऊन, तेल भरून, सामान भरून चौदा दिवसांत परत तयार, तर तेच काम दोन बोटींत होतं. क्यूनार्डचे चेअरमन सर पर्सी बेट्स कायम हेच सांगायचे, की या वेळापत्रकाला जी लहानात लहान आणि हळूत हळू बोट चालेल तीच आम्ही बांधतोय. म्हणून ते हेल्सचा चषक घ्यायला तयार नव्हते. त्यांचा हिशोब खरा होता असं मला वाटतं, पण वेळापत्रकाला साडेअठ्ठावीस नॉट पुरत असताना १९३८ च्या ऑगस्टमध्ये क्वीन मेरीने ३१ नॉट काढले ते काही वेळापत्रकासाठी नव्हे.

फ्रान्स आणि इटलीत तर सरकारचा हात उघडच होता. नॉर्मंडी सरकारी पैशाशिवाय पुरीच झाली नसती, आणि इटलीत मुसोलिनीच्या सरकारने १९३२ मध्ये कंपन्यांचं विलीनीकरण करवून एकच इटालियन लाइन केली.

प्रश्न: रेक्सने उन्हातल्या रस्त्याने जाऊन रेकॉर्ड केलं, ते खरं धरायचं का? (एक वाचक, पणजी)

उत्तर: धरायचं, का नाही धरायचं? १९३३ चा ऑगस्ट, कॅप्टन फ्रान्चेस्को ताराबोत्तो, जिब्राल्टर ते अ‍ॅम्ब्रोज ३१८१ मैल, ४ दिवस १३ तास ५८ मिनिटं, सरासरी २८.९२ नॉट. दक्षिणेचा रस्ता उत्तरेपेक्षा शांत हे बरोबर, पण तो लांबही आहे, म्हणजे तोच वेग आणखी जास्त तास टिकवायचा. आणि ही तीच बोट जी १९३२ मध्ये पहिल्याच फेरीला जिब्राल्टरला मशीन बिघडून अडकून पडली होती, बरेच प्रवासी उतरून दुसऱ्या बोटींनी गेले, त्या नामुष्कीनंतर वर्षभरात हे केलं. इटलीला हा मान एकदाच मिळाला आणि तो तिने कष्टाने मिळवला.

प्रश्न: नॉर्मंडी आणि क्वीन मेरीमध्ये एकदा ही एकदा ती असं चालू होतं म्हणतात, तो क्रम द्याल का? आणि आतल्या प्रवाशांना त्या वेगाचं काही जाणवायचं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: क्रम पटकन देतो, अमेरिकेकडे जाणाऱ्या फेऱ्यांचा. जून १९३५, नॉर्मंडी, पहिलीच फेरी, २९.९८ नॉट. ऑगस्ट १९३६, क्वीन मेरी, ३०.१४, आणि त्याच वेळी परतीची फेरी ३ दिवस २३ तास ५७ मिनिटांत, म्हणजे चार दिवसांच्या आत पहिल्यांदाच, तीन मिनिटं राखून! १९३७ मध्ये परत नॉर्मंडी, ३०.५८. ऑगस्ट १९३८, क्वीन मेरी, ३०.९९ जाताना आणि ३१.६९ येताना. मग युद्ध आलं आणि ते आकडे १९५२ पर्यंत तसेच राहिले, त्या वर्षी ‘युनायटेड स्टेट्स’ या अमेरिकन बोटीने जाताना ३४ आणि येताना ३५ नॉटच्या वर जाऊन विषयच संपवला.

प्रवाशांना जाणवायचं हो, चांगलंच जाणवायचं, पण हवं तसं नाही. नॉर्मंडीची मागची बाजू पूर्ण वेगात इतकी थरथरायची की तिथल्या टूरिस्ट क्लासच्या केबिनमध्ये राहणं नको व्हायचं, शेवटी पहिल्या हिवाळ्यात तिचे तीन पात्यांचे पंखे (प्रोपेलर) काढून चार पात्यांचे बसवले तेव्हा बरंच कमी झालं. क्वीन मेरीला पण थरथर होती आणि ती डुलायची फार. पुढे मधल्या पहिल्या वर्गात मात्र थाट. नॉर्मंडीची धुराडी आतून दोन भागात फोडून बोटीच्या कडेने वर नेली होती, त्यामुळे मधे काहीच आड यायचं नाही, जेवणाचा हॉल ९० मीटरच्या वर लांब, एकही खिडकी नाही, सगळा उजेड लालिक या फ्रेंच काचकाराच्या काचेच्या खांबांमधून. तिच्या पहिल्या फेरीच्या पाहुण्यांत फ्रान्सच्या अध्यक्षांच्या पत्नी होत्या, लेखिका कोलेत होत्या आणि आपल्याकडचे कपूरथळ्याचे महाराज जगतजीत सिंगही होते.

क्वीन मेरीच्या जेवणघरात भिंतीवर अटलांटिकचा भलामोठा नकाशा होता आणि त्यावर काचेची छोटीशी बोट सरकायची, आपण आत्ता कुठे आहोत ते दाखवत. आणि रोज दुपारी, गेल्या दिवसभरात किती मैल कापले यावर पैजा लागायच्या, आकड्यांचा चक्क लिलाव व्हायचा. बहुतेक प्रवाशांसाठी शर्यत म्हणजे तो दुपारचा आकडा.

प्रश्न: मुंबईला येणाऱ्या बोटींमध्ये अशी शर्यत का नव्हती? माझे पणजोबा बॅलार्ड पिअरवरून विलायतेला गेले होते. (एक वाचक, दादर)

उत्तर: थोडी होती, पण तिचं स्वरूप वेगळं. मुंबईच्या मार्गावर पी अँड ओ कंपनीचं राज्य होतं, टपालाचं कंत्राट त्यांच्याकडे, बोट अमुक वारी पोचली पाहिजे एवढी अट, त्याहून आधी पोचून फारसा फायदा नाही. शिवाय मधे सुएझ कालवा, तिथे सगळ्यांनीच हळू जायचं, नाहीतर लाटांनी काठ ढासळतात. घाई असलेला माणूस लंडनहून आगगाडीने मार्सेलला येऊन तिथे बोट पकडायचा, बिस्केचा उपसागरही टळायचा आणि काही दिवसही वाचायचे. इकडे बॅलार्ड पिअरला उतरलं की फ्रंटियर मेल तिथल्याच स्टेशनवरून निघायची. म्हणजे वेळ वाचवायचं काम बोटीपेक्षा रेल्वेच जास्त करत होती.

तरी एक बोट सांगण्यासारखी आहे, ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’. १९२९ मध्ये मुंबईच्या मार्गावर आली. टर्बाइनने वीज तयार करायची आणि विजेच्या मोटरने पंखे फिरवायचे, ही पद्धत नॉर्मंडीमुळे जगाला माहीत झाली, पण ती घेऊन ही बोट मुंबईच्या बंदरात नॉर्मंडीच्या सहा वर्षं आधी येत होती! वेग १९ नॉटच, पण १९३२ मध्ये तिने लंडन ते मुंबई १७ दिवस १ तास ४२ मिनिटांत केलं, त्या मार्गाचं रेकॉर्ड. मोटरवर चालल्यामुळे आवाज आणि थरथर कमी, अरबी समुद्राच्या उकाड्यात झोप लागायला त्याचा उपयोग वेगापेक्षा जास्त. पणजोबांच्या कागदपत्रांत बोटीचं नाव आणि साल सापडलं तर जरूर कळवा.

प्रश्न: नॉर्मंडीचं पुढे काय झालं आणि यातलं आज काही बघायला मिळतं का? माझी मुलगी अमेरिकेत असते, पुढच्या वर्षी जाणं होईल. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नॉर्मंडी युद्ध सुरू झालं तेव्हा न्यूयॉर्कला होती आणि तिथेच राहिली. पुढे अमेरिकेने ताब्यात घेऊन सैनिक नेण्यासाठी बदल सुरू केले. ९ फेब्रुवारी १९४२ ला दुपारी मोठ्या लाउंजमध्ये कटिंग टॉर्चने काम चाललेलं असताना ठिणगी उडाली ती शेजारी रचलेल्या लाइफ जॅकेटच्या ढिगावर. बोटीची स्वतःची आग विझवायची यंत्रणा तेव्हा तोडून ठेवलेली, फ्रेंच नळांना न्यूयॉर्कचे होज बसेनात. अग्निशमनवाल्यांनी बाहेरून पाणी मारलं, इतकं मारलं की ते पाणी वरच्या डेकवर साचून बोट कलायला लागली. युर्केविच तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होता. तो धक्क्यावर धावत आला आणि म्हणाला मला आत जाऊ द्या, खालचे व्हॉल्व उघडतो, बोट सरळ तळावर बसेल, इथे पाणी फार खोल नाही, वाचेल. त्याला ऐकलं नाही. रात्रीतून ती आडवी झाली. ज्याने तिची प्रत्येक रेषा काढली त्याला कडेला उभं केलं हे वाचताना आजही माझा जीव तुटतो. नंतर सरळ केली पण उपयोग नव्हता, भंगारात गेली.

बाकीच्यांचं थोडक्यात. मॉरेटेनिया १९३५ मध्ये रोसाइथला मोडली. ब्रेमेन १९४१ मध्ये ब्रेमरहाफेनला जळाली, आग बोटीवरच्याच एका पोऱ्याने लावली होती. रेक्सला १९४४ मध्ये ब्रिटिश विमानांनी एड्रियाटिकमध्ये बुडवलं. ऑयरोपा युद्धानंतर फ्रान्सकडे गेली, ‘लिबेर्ते’ नावाने बरीच वर्षं चालली. १९५२ वाली युनायटेड स्टेट्स फिलाडेल्फियाला वर्षानुवर्षं पडून होती, २०२५ च्या फेब्रुवारीत तिला ओढून अलाबामातल्या मोबीलला नेलं, फ्लोरिडाजवळ कृत्रिम प्रवाळभित्ती म्हणून बुडवायची तयारी करायला.

आता तुमच्या ट्रिपसाठी. मुलगी कॅलिफोर्नियाच्या बाजूला असेल तर लाँग बीचला क्वीन मेरी अख्खी उभी आहे, १९६७ पासून, आणि आता ती हॉटेल आहे. तो काचेच्या बोटीवाला नकाशा बघा, आणि खाली जाऊन एक पंखा पाण्यात तसाच ठेवलाय तो तर नक्की बघा, बाकी सगळं सोडलं तरी चालेल. न्यूयॉर्कच्या बाजूला असेल तर ब्रुकलिनमध्ये अवर लेडी ऑफ लेबनन हे चर्च आहे, त्याच्या दारांवरची गोल पदकं नॉर्मंडीच्या जेवणाच्या हॉलच्या दारांची आहेत, आणि मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये तिच्या सलूनमधली द्यूपा या चित्रकाराची सोनेरी काचेवरची चित्रं आहेत, पण जायच्या आधी म्युझियमला विचारून घ्या त्या दालनात ती लावलेली आहेत का ते.